कुंपणाआडची मुले

लेकराला आईपासून तोडणे हे पाप आहे, हे कोणत्याही समाजाला शिकवावे लागत नाही. तरीही गेल्या दोन शतकांत अनेक सुसंस्कृत म्हणविणाऱ्या राज्यांनी हे कृत्य कायदा करून, खर्चाची तरतूद करून आणि आपण मुलांचे कल्याणच करीत आहोत अशी स्वतःच्या मनाची समजूत घालून केले. क्रोधाने केलेला अन्याय इतिहासकाराला लवकर सापडतो. दयेच्या नावाने झालेला अन्याय सरकारी अहवालांतून सत्कृत्य म्हणून नोंदला जातो आणि त्याची ओळख पटायला दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात. अशा अन्यायाचा एक दूरचा आणि एक जवळचा इतिहास आम्ही येथे वाचकांपुढे मांडत आहोत.

दूरचा इतिहास ऑस्ट्रेलियाचा आहे. फिलिप नॉइस या दिग्दर्शकाचा ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ हा चित्रपट २००२ साली प्रदर्शित झाला. डोरिस पिल्किंग्टन या आदिवासी लेखिकेने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकावर तो आधारलेला आहे आणि त्यातील मॉली ही या लेखिकेची आई होय. पश्चिम ऑस्ट्रेलियात वाळवंटाच्या कडेला जिगालाँग नावाची वस्ती आहे. १९३१ साली तेथून मॉली, डेझी आणि ग्रेसी या तीन मुलींना सरकारी हुकमाने उचलून दक्षिणेकडील मूर रिव्हर वसाहतीत नेण्यात आले. मॉली त्यांत थोरली, सुमारे चौदा वर्षांची. डेझी आणि ग्रेसी तिच्या नात्यातल्या धाकट्या बहिणी. तिघींच्या माता आदिवासी व पिते गोरे होते, आणि तेवढेच त्यांना उचलण्याचे कारण होते.

सशांचा उपद्रव पिकांपर्यंत पोहोचू नये म्हणून सरकारने १९०१ ते १९०७ या काळात त्या देशाच्या उत्तर किनाऱ्यापासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत तारेचे कुंपण घातले होते. त्याची लांबी १८०० किलोमीटरांहून अधिक होती. हे कुंपण जिगालाँगवरून जाते, एवढे मॉलीला ठाऊक होते. वसाहतीत नेल्यावर लगेचच तिने धाकट्या दोघींना घेऊन पळ काढला आणि कुंपण सापडताच त्याच्या कडेकडेने उत्तरेची वाट धरली. ग्रेसी वाटेत पकडली गेली. मॉली आणि डेझी सुमारे १६०० किलोमीटर पायी चालून नऊ आठवड्यांनी आपल्या माणसांत पोहोचल्या. चित्रपटाच्या अखेरीस प्रत्यक्षातल्या वृद्ध मॉली आणि डेझी पडद्यावर येतात. पुढे मॉलीला तिच्या दोन लहान मुलींसह पुन्हा त्याच वसाहतीत नेण्यात आले, आणि १९४१ साली धाकटीला घेऊन ती पुन्हा निघून आली. थोरली मुलगी डोरिस मागे राहिली. कालांतराने ती धाकटीही आईकडून काढून घेण्यात आली आणि मॉलीला ती आयुष्यात पुन्हा दिसली नाही. २००४ साली मॉलीचे निधन झाले.

या साऱ्याच्या मागे १९०५ चा एक कायदा होता. त्या कायद्याने पश्चिम ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांचे पालकत्व ‘मुख्य संरक्षक’ नावाच्या अधिकाऱ्याकडे सोपविले. आई जिवंत असो, तिचे मुलावर कितीही प्रेम असो, कायद्याच्या लेखी मूल या अधिकाऱ्याचे. १९१५ पासून हे पद ए. ओ. नेव्हिल या गृहस्थांकडे होते. चित्रपटात ते दुष्ट राक्षस म्हणून रंगविलेले नाहीत. ते टापटिपीचे, कामसू आणि आपल्या कार्याच्या पावित्र्यावर श्रद्धा असलेले अधिकारी आहेत. मिश्र रक्ताची मुले आदिवासींपासून वेगळी केली तर काही पिढ्यांत ती गोऱ्या समाजात विरून जातील आणि तेच त्यांचे भाग्य होय, असे त्यांचे मत होते. त्या मुलांच्या मातांना याविषयी काय वाटते, हे विचारण्याची गरज त्यांना भासली नाही.

आपण कॅथोलिकांनी येथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. मूर रिव्हरची वसाहत सरकारी होती. परंतु सरकारने उचललेली अनेक मुले मिशनसंस्थांच्या स्वाधीन केली जात आणि त्या संस्थांत आपल्याही होत्या. त्याच प्रांतात बेनेडिक्टाइन मठवासीयांचे न्यू नॉर्सिया आणि पॅलोटाइन धर्मगुरूंचे बीगल बे ही मिशनकेंद्रे होती. तेथील कित्येक धर्मगुरू व धर्मभगिनी यांनी मुलांवर माया केली, त्यांच्या आजारपणात रात्री जागविल्या. तरीही ज्या मुलाला आईच्या कुशीतून ओढून आणले आहे त्याला आपण दारात घेतो आहोत, हा प्रश्न त्यांतील फार थोड्यांना पडला. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील मानवी हक्क आयोगाच्या अहवालाने हा इतिहास जगापुढे आणला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने क्षमा मागितली.

सातासमुद्रांपलीकडची ही कहाणी आम्ही खानदेशातील वाचकांना का सांगावी, असे कोणी विचारील. ज्या काळात नेव्हिलसाहेब मुले उचलीत होते, त्याच काळात आपल्या मुंबई इलाख्यातही तारेची कुंपणे उभी होती आणि त्यांच्या आत मुले होती, हे त्याचे उत्तर आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या डोंगरांत भिल्ल नाईकांचे राज्य चाले. घाटवाटांची राखण करण्याचे आणि गावांची जागल करण्याचे त्यांचे हक्क होते. नव्या सरकारने प्रथम फौजा पाठविल्या. मग १८२५ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी स्थापन झाल्या. त्याच वर्षी आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या लष्करी अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला. आउट्रमने भिल्लांबरोबर शिकार केली, त्यांच्याशी मैत्री केली. मात्र सरकारदरबारी या समाजाविषयी एक समज कायमचा रुजला. ही माणसे जन्मजात लुटारू आहेत आणि त्यांना ‘माणसात आणणे’ हे सरकारचे काम आहे, असा तो समज होता. खाज्या नाईकासारख्या घाटरक्षकाने १८५७ साली शस्त्र उचलले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीची लढाई झाली, तेव्हा हा समज अधिकच घट्ट झाला. १८७८ च्या वनकायद्याने तर डोंगरातल्या माणसाला त्याच्याच रानात चोर ठरविले.

एका जमातीविषयीचा समज हळूहळू अनेक जमातींविषयीचा कायदा झाला. १८७१ साली ‘गुन्हेगार जमाती कायदा’ प्रथम उत्तर हिंदुस्थानासाठी संमत झाला. या कायद्याने सरकारला एखादी संपूर्ण जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. माणसाने काय केले हे पाहण्याचे कारणच उरले नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे होते. नावनोंदणी, पोलीस पाटलाकडे हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी, असे जिणे वाट्याला आले. १८९७ च्या दुरुस्तीने त्यात एक कलम घातले. चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. १९११ साली हा कायदा नव्याने करण्यात आला आणि मुंबई इलाख्यालाही लागू झाला. मुले वेगळी करण्याचे कलम त्यातही कायम राहिले. फक्त चारऐवजी सहा वर्षे झाली. ऑस्ट्रेलियातील कायदा १९०५ चा, आपल्याकडील १९११ चा. दोन्हींमागील विचार मात्र एकच होता: आईबापांचा सहवास हाच मुलाचा रोग आहे आणि वियोग हे त्याचे औषध आहे.

मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, सोलापूर आदी ठिकाणी ‘सेटलमेंट’ नावाच्या वसाहती उभ्या राहिल्या. पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तेथे आणून ठेवली गेली. सोलापूरची वसाहत मोठी होती. तेथील माणसे शहरातील कापडगिरण्यांत राबत आणि काम सुटताच कुंपणाच्या आत परतत. ‘सेटलमेंट’ हा शब्द त्या शहरात आजही त्या भागाचे नाव म्हणून टिकून आहे. या वसाहतीचा कारभार सरकारने अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट संस्थेकडे सोपविला होता. उत्तरेत व मद्रास इलाख्यात साल्व्हेशन आर्मीने हे काम पत्करले. वसाहतींत शाळा होत्या, दवाखाने होते, उद्योगशिक्षण होते. ख्रिस्ताच्या नावाने सेवा करणारी माणसे तेथे मनापासून झटत होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या शाळेभोवती तार आहे आणि जिच्या दारावर पहारेकरी आहे, तिला मूल शाळा म्हणून ओळखत नाही.

या वसाहतींचे प्रमुख अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे होते. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच. त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा हे सभासद होते. १९३० साली समितीचा अहवाल आला. म्हणजे कुंपणे सांभाळणारा अधिकारी त्याच लोकांच्या शिक्षणाची तळमळही बाळगत होता. माणसाच्या मनात या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हेच या इतिहासाचे कठीण अंग आहे. १९३६ साली पंडित नेहरूंनी या कायद्याचा कठोर निषेध केला आणि कोणतीही जमात जन्मतः गुन्हेगार ठरविता येणार नाही, असे प्रतिपादन केले. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली आणि साऱ्या देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या दिवसापासून या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले, तेव्हा पांढरपेशा मराठी वाचकाला कळले की कायदा गेला तरी शिक्का पुसला गेला नव्हता. जळगाव-धुळ्याच्या गावकुसाबाहेर राहणाऱ्या पारधी आणि कंजारभाट कुटुंबांना हे कोणा पुस्तकातून शिकावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा सरकारचा आणि इतर पंथीयांचा इतिहास झाला; आपला त्याच्याशी संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर गोव्यात मिळते. २३ मार्च १५५९ रोजी पोर्तुगालच्या राजाच्या नावे एक फर्मान निघाले. गोव्यातील ज्या हिंदू मुलांना आईवडील वा आजीआजोबा उरलेले नाहीत, त्यांना सरकारी अधिकाऱ्याने ताब्यात घ्यावे, येशूसंघीयांच्या संत पावलाच्या विद्यालयात पोहोचवावे आणि तेथे त्यांना स्नानसंस्कार देऊन वाढवावे, असा त्याचा आशय होता. पुढे या नियमाची व्याप्ती वाढत गेली आणि केवळ वडील वारलेले मूलही अनाथ मानले जाऊ लागले, मग त्याची आई जिवंत का असेना. नवरा गेल्याच्या दुःखात असलेल्या बाईला मूलही जाण्याचे भय उरी बाळगावे लागले. अशी मुले घेऊन कित्येक कुटुंबे खाडी ओलांडून पोर्तुगीज मुलुखाबाहेर निघून गेली. मॉलीच्या आधी पावणेचारशे वर्षे आपल्याच कोकणपट्टीत माता आपली मुले लपवीत होत्या, आणि ज्यांच्यापासून लपवीत होत्या ते आपले धर्मबंधू होते.

या फर्मानाच्या वेळी ख्रिस्तसभेला याहून चांगले काही ठाऊक नव्हते, अशी पळवाटही आपल्याला उरत नाही. तेराव्या शतकातच संत थॉमस अक्विनस यांनी या प्रश्नाचा स्पष्ट निर्णय दिला होता. ख्रिस्ती नसलेल्या आईबापांच्या मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध स्नानसंस्कार देणे हे नैसर्गिक न्यायाला सोडून आहे, असे त्यांनी लिहिले. जन्मापूर्वी मूल जसे आईच्या उदरात असते, तसे जाण येईपर्यंत ते आईबापांच्या मायेच्या जणू दुसऱ्या उदरात असते, अशी त्यांची उपमा आहे. हा उतारा आम्ही सेमिनरीत अभ्यासला आणि प्रत्येक पिढीच्या धर्मगुरूंनी अभ्यासला. ज्ञान ग्रंथात होते, तरी सत्तेचा हात धरताना ते विसरले गेले. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा करताना, मुलांना कोणते धर्मशिक्षण द्यावे हे ठरविण्याचा हक्क आईवडिलांचा आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. आजच्या धर्मसभेच्या कायद्यातही, जिवावरचा प्रसंग सोडल्यास, निदान एका पालकाच्या संमतीवाचून बालकाला स्नानसंस्कार देता येत नाही.

आता खानदेशातील आणखी एक घटना पाहू. मॉली कुंपणाच्या कडेने चालत होती त्याच दशकात तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराज या भिल्ल संताभोवती एक चळवळ उभी राहिली. सोमवारी आरतीसाठी लोक जमत, परस्परांना ‘आप की जय’ म्हणून अभिवादन करीत. दारू सोडण्याची, स्वच्छ राहण्याची, सरळ वागण्याची शपथ घेत. १९३८ साली महाराजांचे देहावसान झाले, तरी ‘आप’ पंथ टिकून राहिला. त्यांची उपासना आपली नव्हे. पण इतिहास म्हणून ही घटना आम्हाला मोलाची वाटते. हे लोक स्वतःहून सुधारणार नाहीत, म्हणून त्यांची मुले काढून घ्यावी लागतात, असे जगभरचे अधिकारी सांगत होते. त्याच वेळी पश्चिम खानदेशातील भिल्ल आईबाप आपल्या मुलांना कडेवर घेऊन स्वतःच्या सुधारणेस निघाले होते. त्यांना कोणी कुंपणात घातले नव्हते.

मग घरापासून दूर राहून शिकणारे प्रत्येक मूल हे चोरलेले मूल आहे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबाप अन्नावाचून मेले, तेव्हा ज्या अनाथालयांनी मुलांना आसरा दिला त्यांनी जीव वाचविले. आज धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांत शासनाच्या आश्रमशाळा आहेत, मिशनची वसतिगृहे आहेत. ऊसतोडीला आणि वीटभट्टीला जाणारे आईबाप स्वतः येऊन मूल तेथे ठेवतात, कारण पाड्यावर शाळा नीट चालत नाही. अशा वसतिगृहांतून शिकून शिक्षक, परिचारिका, व्रतस्थ भगिनी आणि धर्मगुरू झालेली माणसे आपण जाणतो. वसतिगृह आणि सेटलमेंट यांतील भेद मात्र इमारतीवरून कळत नाही. तो कळण्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न असा: आईला विचारले होते का, आणि नाही म्हणण्याची तिला मोकळीक होती का? दुसरा: मुलाला घराची वाट खुली आहे का? होळीला, भोंगऱ्या बाजाराला, आजी आजारी पडली तर त्याला घरी जाता येते का, आणि आईबाप भेटीस आले तर त्यांना ओसरीवर मानाने बसविले जाते का? तिसरा: मूल परतले तर त्याला आजीशी बोलता येते का? पावरी, मावची, भिलोरी वा अहिराणी बोलणाऱ्या मुलाची वर्गात थट्टा झाली, तर काही वर्षांत ते स्वतःच्या घरातच परके होते. त्यासाठी तारेची गरज पडत नाही. पवित्र शास्त्रातील फारोहाच्या मुलीची कथा आपल्या परिचयाची आहे. नदीत सापडलेल्या मोशेला तिने वाचविले, आणि त्याला दूध पाजण्यासाठी त्याच्याच आईला वेतन देऊन नेमले. आपण कोणाला नेमले आहे हे तिला माहीत नव्हते, तरी त्या योजनेत बाळही वाचले आणि आईही राहिली.

हे प्रश्न केवळ धर्मगुरूंनी व वसतिगृहाच्या भगिनींनी सोडवायचे आहेत, असे आमच्या वाचकांनी समजू नये. ‘गावाकडची गरीब मुलगी आहे, घरी राहील, शिकेल, थोडे काम करील’ असे म्हणून दहा-बारा वर्षांची आदिवासी मुलगी शहरातल्या घरी आणण्याची रीत आपल्याही कुटुंबांत होती आणि अजून पूर्णपणे गेलेली नाही. ती मुलगी शाळेत किती दिवस जाते आणि भांड्यांशी किती तास असते, तिला आईशी बोलायला कधी मिळते, नाताळात ती स्वतःच्या घरी असते की आपल्या पाहुण्यांचे ताट वाढत असते, याचा हिशेब प्रत्येक घराने प्रामाणिकपणे मांडावा. नेव्हिलसाहेबांनीही मूर रिव्हरमधील मुलींना मोलकरणीचे काम शिकवून गोऱ्यांच्या घरी पाठविले होते, आणि तेही तिला उपकारच म्हणत होते.

ख्रिस्तसभेने या बाबतीत आपली मान खाली घातली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ नोव्हेंबर २००१ रोजी ओशनियाच्या ख्रिस्तसभेला उद्देशून काढलेल्या पत्रात, आदिवासींवर झालेल्या अन्यायात ख्रिस्तसभेची लेकरे जेथे जेथे सामील होती तेथे तेथे खेद व्यक्त करून क्षमा मागितली. कॅनडात दीड लाखांहून अधिक आदिवासी मुले निवासी शाळांत नेण्यात आली होती आणि त्या शाळांचा मोठा भाग कॅथोलिक संस्थांकडे होता. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस व्हीलचेअरवरून त्या देशात गेले आणि त्या लोकांच्याच भूमीवर त्यांनी क्षमा मागितली. क्षमायाचना हा आपल्या प्रायश्चित्त संस्काराचा केवळ अर्धा भाग आहे. उरलेला भाग वागणूक बदलण्याचा असतो, आणि तो पोप महोदय आपल्या वतीने करू शकत नाहीत.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे की, येत्या जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामाच्या सभेत हा विषय घ्यावा. ज्या धर्मग्रामात वसतिगृह आहे त्याने वर्षातून दोनदा आईबापांना बोलवावे, त्यांच्या येण्याजाण्याचे भाडे धर्मग्रामाच्या निधीतून द्यावे आणि मुलांविषयीचे निर्णय त्यांना विचारून घ्यावेत. ज्यांच्या घरी अशी मुलगी आहे त्यांनी ती कोणाची आहे हे स्वतःला पुन्हा विचारावे आणि तिच्या आईला निरोप धाडावा. सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलाच्या हाती पिशवी आणि एस.टी.चे भाडे देताना आपण त्याची वाट मोकळी ठेवत आहोत, एवढी जाणीव असली तरी पुष्कळ झाले.